दोन गुजऱ्या

कोल्हापुरात गुजरी म्हणजे सोनं. अंबाबाईच्या देवळाजवळची सराफांची ती गल्ली, लग्न ठरलं की घरची मंडळी तिकडे वळतात. बंगळुरात आलो त्या महिन्यातच आमच्या घरमालकीणबाई माझ्या बायकोला म्हणाल्या, "तो जुना पंखा गुजरीत देऊन टाका." बायको गोंधळली. कन्नडमध्ये गुजरी म्हणजे भंगार, हे आम्हाला तेव्हा कळलं. या लेखाचं मूळ त्या एका शब्दात आहे, आणि माझ्या एका स्नेह्याच्या बोलण्यात.

हे स्नेही नव्या कंपन्यांमध्ये पैसे गुंतवतात. गेल्या गणपतीत एका घरी जेवणानंतर जुन्या व्हिडिओ गेमचा विषय निघाला. माझ्याकडे अशा पन्नासेक कॅसेट आहेत, हे त्यांना माहीत होतं. ते म्हणाले, "अरे, तुमच्या या वस्तू आता भंगाराच्या गुजरीतून सोन्याच्या गुजरीत गेल्यात. तुम्ही आठवणी कुरवाळत बसता, वस्तू वाचवतो तो बाजार. ज्याला भाव नाही ते टिकत नाही." सगळ्यांनी माना हलवल्या. मला त्या वेळी नीट उत्तर देता आलं नाही. वर्षभर ते वाक्य मनात सलत राहिलं. आज उत्तर देतो आहे.

त्यांच्या डोळ्यांसमोर होते ते अमेरिकेतले लिलाव. फेब्रुवारी २०१९ मध्ये 'सुपर मारिओ ब्रदर्स'ची एक न उघडलेली प्रत १ लाख १५० डॉलरला गेली, तेव्हा लोकांनी तोंडात बोटं घातली. एप्रिल २०२१ मध्ये त्याच खेळाच्या दुसऱ्या प्रतीला हेरिटेज ऑक्शन्सच्या लिलावात ६ लाख ६० हजार डॉलर आले. जुलैत 'द लेजंड ऑफ झेल्डा' ८ लाख ७० हजारांना, आणि दोनच दिवसांनी 'सुपर मारिओ ६४' १५ लाख ६० हजारांना विकला गेला. त्या वेळच्या दराने साडेअकरा कोटी रुपये. ऑगस्टमध्ये रॅली नावाच्या कंपनीकडची 'सुपर मारिओ ब्रदर्स'ची आणखी एक प्रत २० लाख डॉलरला विकल्याची बातमी आली. महागड्या वस्तूंचे बारीक हिस्से पाडून ते लोकांना विकायचे, हा या कंपनीचा धंदा.

यातला 'सुपर मारिओ ६४' दुर्मीळ खेळ नव्हे. १९९६ साली आलेल्या या खेळाच्या जगभरात १ कोटी १९ लाखांच्या आसपास प्रती खपल्या. मग साडेअकरा कोटी कशाचे? वरच्या पारदर्शक वेष्टनाचे. वाटा गेम्स ही दर्जा ठरवणारी संस्था खोक्याला दहापैकी गुण देते आणि वेष्टनाला वेगळी श्रेणी. या प्रतीला ९.८ आणि ए++ मिळाले होते. खोक्यातला खेळ कोणी खेळला नाही, ही त्याची सर्वांत मोठी पात्रता. वाटा आणि हेरिटेज यांनी मिळून भाव फुगवले, असा आरोप कार्ल जॉब्स्ट या यूट्यूबरने ऑगस्ट २०२१ मध्ये केला. दोघांनीही तो नाकारला. पुढच्या वर्षी वाटाविरुद्ध अमेरिकेत खटला दाखल झाला. सीलबंद प्रतींचे भाव तोवर उतरायला लागले होते. न्यायालयाने काहीही ठरवो, मला जे सांगायचं आहे ते त्या निकालावर अवलंबून नाही.

स्नेह्यांना पहिलं उत्तर देतो मायकेल थॉम्पसन. हा इंग्रज मानववंशशास्त्रज्ञ १९७० च्या अन्नपूर्णा मोहिमेतही होता. १९७९ साली त्याचं 'रबिश थिअरी' हे पुस्तक आलं, आणि वस्तूंच्या मोलाबद्दल त्याहून कामाचं पुस्तक मी वाचलेलं नाही. तो म्हणतो, वस्तूंचे दोन वर्ग आपल्याला दिसतात. एकांचं मोल दिवसेंदिवस घटतं, जसं वापरातल्या मोटारीचं. दुसऱ्यांचं वाढत जातं, जसं जुन्या चित्राचं. पहिल्या वर्गातून दुसऱ्या वर्गात थेट उडी मारता येत नाही. मध्ये एक तिसरा वर्ग लागतो, कचऱ्याचा. तिथे वस्तूचं मोल शून्य असतं, म्हणून तिच्याकडे कोणाचंच लक्ष नसतं. कपाटावर, माळ्यावर, गॅरेजात ती पडून राहते. एखाद्या दिवशी कोणीतरी विक्षिप्त माणूस येतो, तिला उचलतो, पुसतो, आणि तिथून तिचा भाव चढू लागतो.

त्याचं आवडतं उदाहरण रेशमी चित्रांचं. कॉव्हेंट्रीच्या टॉमस स्टीव्हन्सने १८७९ पासून मागावर विणलेली ही चित्रं विकली. पुढे त्यांची चव गेली आणि कित्येक दशकं त्यांना कोणी हात लावेना. थॉम्पसन लिहीत होता त्या काळात मात्र संग्राहक त्यांच्यासाठी भरपूर पैसे मोजत होते. चित्र तेच, विणही तीच. लंडनच्या इस्लिंग्टन भागातल्या घरांचीही त्याने अशीच गोष्ट सांगितली आहे: एकाच्या लेखी उंदीर झालेली खुराडी, दुसऱ्याच्या लेखी वारसा. मोल वस्तूत नसतं, तिला कोण हाताळतं आणि त्याचं समाजात वजन किती, यावर ते ठरतं.

म्हणजे बाजार वस्तू वाचवत नाही. वाचलेल्या वस्तूपाशी तो सर्वांत शेवटी पोचतो. वाचवतं ते दुर्लक्ष. अमेरिकेतल्या एखाद्या तळघरात खोकं पंचवीस वर्षं कोणाच्या लक्षात न येता पडलं, म्हणून लिलाव झाला. हे उत्तर माझ्याकडे गेल्या दिवाळीलाच तयार होतं आणि त्यावर मी खूश होतो.

पण ते आपल्याकडे लागू पडतं का, हे पाहायला एक कॅसेट जवळून बघावी लागेल.

आमच्या घरी मूळ निन्टेन्डो कधी आलाच नाही. जपानमध्ये १९८३ ला निन्टेन्डोचं फॅमिकॉम हे यंत्र निघालं. आपल्याकडे समुराई नावाचं यंत्र आणि त्याच्या मागोमाग तैवान-चीनकडची असंख्य नक्कल यंत्रं आली. १९९५ मध्ये शॉ वॉलेसने सेगाचं मेगा ड्राइव्ह अधिकृतपणे आणलं, त्याची किंमत होती १८ हजार रुपये. कोल्हापुरातल्या नोकरदाराच्या घरात तेवढ्यात रंगीत टीव्ही येऊन वर पैसे उरत. म्हणून आमचा मारिओ नकली, आमचा कॉन्ट्रा नकली. यंत्राला आम्ही 'व्हिडिओ गेम' म्हणायचो आणि कार्ट्रिजला 'कॅसेट'. कॅसेटवर '९९९९ इन १' लिहिलेलं असे आणि आत वीस-पंचवीस खेळ नावं बदलून पुन्हा पुन्हा येत. कवच उघडलं की आतली सर्किटची पाटी अर्धी मोकळी दिसायची. जिथे चिप असायला हवी तिथे काळ्या राळेचा एक गोल थेंब. त्या थेंबाखालच्या खेळात कोणी फेरफार केले, कुठल्या गावी बसून केले, याची नोंद कुठेही नाही.

माझ्या कॅसेटच्या मागे करकटकाच्या टोकाने कोरलेली तीन अक्षरं होती: सं, अ, वि. आम्ही तीन चुलतभाऊ. भाऊबिजेची ओवाळणी एकत्र करून तिघांनी ती घेतली होती. अक्षरांचा क्रम म्हणजे खेळायचा क्रम. मेलास की रिमोट पुढच्याच्या हातात. हिस्सा म्हणजे पाळी, एवढं सोपं होतं ते. रॅलीच्या हिस्सेदारांबद्दल वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा ती तीन अक्षरं आठवली. त्या हिस्सेदारांच्या वाट्याला पाळी येत नाही.

तीन वर्षांपूर्वी ही कॅसेट चालेनाशी झाली. लहानपणी चालली नाही की आम्ही तिच्यात फुंकर मारायचो आणि ती चालायची. खरं तर काढून पुन्हा घातल्याने पिना घासल्या जाऊन चालायची. फुंकरीतल्या ओलाव्याने पिना गंजायच्या तेवढ्या. मी ती इथल्या एका दुकानात दुरुस्तीला दिली. आठवड्याने घ्यायला गेलो तर कॅसेट झकास चालत होती. आणि तिला नवं कोरं पिवळं कवच होतं, वर नवं छापील चित्र. जुनं कवच ओरखडलेलं होतं म्हणून त्याने फेकलं. "आता विकलीत तर दुप्पट येतील," तो म्हणाला. त्याने माझं भलंच केलं होतं, त्याच्या हिशेबाने. मी पैसे दिले आणि बाहेर फुटपाथवर बराच वेळ उभा राहिलो. सं, अ, वि कचऱ्याच्या गाडीत गेले होते.

लिलावातला भाव लाखात असो की बंगळुरातल्या एस. पी. रोडवरचा शेकड्यात, त्याची शिकवण एकच: वस्तूवर माणसाचा हात दिसता कामा नये. स्नेह्यांच्या बाजारावर माझा खरा राग इथे आहे आणि तो अजून गेलेला नाही.

पण कवचाच्या शोधात मी इथल्या जॉली मोहल्ल्यातल्या गुजरीच्या दुकानांपर्यंत गेलो आणि तिथे माझं थॉम्पसनवालं उत्तर ढासळलं. भंगारात शून्य नसतंच. प्लास्टिकचा किलोला एक भाव, पाटीचा वेगळा, तांब्याचा त्याहून वेगळा. यंत्र आलं की पोरं हातोडीने कवच फोडतात, पाट्या एका पोत्यात, वायर दुसऱ्यात. पुढे कोणीतरी पिनांवरचा सोन्याचा मुलामाही काढून घेतो. बंगळुरात हे काम कायद्याच्या चौकटीत आणायचाही प्रयत्न झाला आहे. दोब्बसपेटची ई-परिसर ही सरकारमान्य पुनर्प्रक्रिया करणारी देशातली पहिली कंपनी, २००५ सालची. पण तिथेही वस्तूचं शेवटी धातू आणि प्लास्टिकच होतं.

इंग्लंडात वस्तू शून्यावर पडून राहते. आपल्याकडे शून्य येण्याआधी किलोचा भाव येतो. आपली घरं दोन खोल्यांची. माळ्यावरची वस्तू आधी मावसभावाकडे जाते, मग दुरुस्तीला, मग भंगारात. दुर्लक्ष करायला जागा लागते आणि ती चैन आपल्याला परवडली नाही. म्हणून थॉम्पसनचा विक्षिप्त माणूस इथे उशिरा आला तर त्याच्या हाती काहीच लागत नाही. मी गुजरीवाल्याला विचारलं, असे व्हिडिओ गेम फोडण्याआधी बाजूला काढून ठेवशील का? तो म्हणाला, "किलो के ऊपर पचास दिए तो रख देता, सार. कोई पूछाइच नहीं."

कोणी विचारलंच नव्हतं. माझे स्नेही इथे बरोबर आहेत आणि हे मी त्यांच्या तोंडावर कबूल करीन. आपल्याकडे भावाशिवाय वस्तू वाचत नाही. फक्त हा भाव लिलावाचा लागत नाही, मोडीच्या भावापेक्षा पन्नास रुपये जास्त एवढाच लागतो.

दिनकर केळकरांनी हे कोणत्याही पुस्तकाविना ओळखलं होतं. पुण्यातला चष्म्याचा व्यवसाय सांभाळणारा हा माणूस 'अज्ञातवासी' नावाने कविता करायचा, आणि वाडे पडत होते त्या काळात दिवे, अडकित्ते, वज्रऱ्या, दारं, भांडी गोळा करत हिंडायचा. पितळी समईला मोडीचा भाव असतोच. ती वितळायला नको असेल तर तांबटाच्या आधी कोणीतरी पोचायला हवं आणि त्याच्यापेक्षा चार पैसे जास्त द्यायला हवेत. १९७५ मध्ये त्यांनी तो सगळा संग्रह महाराष्ट्र सरकारला दिला, अकाली गेलेल्या आपल्या राजा या मुलाच्या नावाने. पुण्यातल्या त्यांच्या संग्रहालयात सुमारे वीस हजार वस्तू आहेत. त्यातल्या अडकित्त्यांपुढे मी जेव्हा जेव्हा उभा राहतो, तेव्हा झिजलेलं पातं बघतो. वर्षानुवर्षं सुपारी कातरणारा हात त्या झिजेत आहे. ते पातं घासून नवं करायचं कोणाच्या मनातही येणार नाही.

कॅसेटचं तसं का होऊ नये? २०२३ मध्ये अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने एक पाहणी प्रसिद्ध केली. त्या देशात २०१० पूर्वी निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के तेव्हा बाजारात कुठल्याही रूपात विकत मिळत नव्हते. ही मूळ, अधिकृत खेळांची गोष्ट. आमच्या काळ्या थेंबाखालचे खेळ त्या मोजणीत येणारही नाहीत, कारण ते चोरीचे. कंपनी त्यांना आपलं म्हणणार नाही, संग्राहकाला नकली माल नको आणि लिलावात त्यांना उभं करणार नाहीत. पण एका अख्ख्या पिढीला यंत्राशी बोलायला त्यांनीच शिकवलं. ध्रुव इंटरॲक्टिव्ह ही देशातल्या पहिल्या गेम कंपन्यांपैकी एक १९९७ साली याच शहरात निघाली. त्यानंतर या धंद्यात आलेल्या माझ्या वयाच्या कितीतरी लोकांचा पहिला खेळ नकलीच होता. आमच्यासाठी अस्सल तोच.

मला संग्रहालयात काचेमागचं खोकं नको आहे. मला एक खोली हवी आहे, जिथे जाड पाठीचा टीव्ही असेल, तीन नंबरच्या चॅनेलवर मुंग्या येतील आणि कोणीही बसून पाळीने खेळेल. थेंबाखालच्या खेळाची प्रत वेळेत उतरवून घेतली जाईल आणि कवचावरच्या ओरखड्याचीही नोंद होईल. परदेशातले भाव उतरलेले असताना हे काम स्वस्तात होईल. पुन्हा चढले की आमच्या कॅसेटनाही कोणीतरी नवी कवचं घालील.

गेले सहा महिने जॉली मोहल्ल्यातला तो माणूस माझ्यासाठी एक पोतं बाजूला ठेवतो. महिन्यातून एकदा मी जातो, तो काट्यावर वजन करतो आणि वर पन्नास घेतो. परवाच्या पोत्यात यंत्रं दोनच होती, दोन्ही फुटलेली. तळाशी एक काळी कॅसेट निघाली, चित्र पार उडालेलं. मी ती उलटी केली. मागे करकटकाने कोरलेली दोन कन्नड अक्षरं होती, 'म' आणि 'र', आणि 'म'च्या खाली अकरा उभ्या रेघा, 'र'च्या खाली सात. घरी आणून पिना स्पिरिटने पुसल्या, दोन यंत्रांत घालून पाहिली. ती चालत नाही.