कृतज्ञतेचा पत्ता

दिल्लीच्या एम्समध्ये 3 ऑगस्ट 1994 रोजी मृत दात्याच्या हृदयाचे देशातील पहिले यशस्वी प्रत्यारोपण झाले. त्याच्या स्मरणार्थ हा दिवस आता भारतीय अवयवदान दिन म्हणून पाळला जातो, आणि अशा निमित्ताने होणाऱ्या समारंभांत प्राप्तकर्त्याला, म्हणजे ज्याच्या शरीरात अवयव बसवला त्याला, व्यासपीठावर बोलावून त्याच्याकडून आभाराचे चार शब्द वदवून घेतले जातात. प्रचाराला याचा उपयोग होतो हे उघड आहे. तरीही कृतज्ञता ही चारचौघांत दाखवण्याची गोष्ट आहे आणि ती जितकी सद्गदित तितकी खरी, हे त्यामागचे गृहीतक खटकते.

शस्त्रक्रियेनंतरचे पथ्यपाणी वाचकांना साधारणपणे ठाऊक असते. मात्र परका अवयव शरीर सहसा आपला मानत नाही, त्यामुळे प्रतिकारशक्ती औषधांनी जन्मभर दबलेली ठेवावी लागते, आणि त्यातून जंतुसंसर्ग, मधुमेह, कर्करोग यांचा धोका वाढतो, ही बाब समारंभात फारशी सांगितली जात नाही. टॅक्रोलिमससारख्या औषधाची रक्तातील पातळी वारंवार मोजावी लागते, आणि ती पातळी एकाएकी वाढवणारे पपनसही वर्ज्य ठरते. या औषधांचा इतिहास मोठा गमतीचा आहे: प्रत्यारोपणाचे युग खऱ्या अर्थाने ज्याने सुरू केले ते सायक्लोस्पोरिन नॉर्वेतील एका पठारावरच्या मातीत सापडलेल्या बुरशीपासून मिळाले. असंख्य माणसे त्या बुरशीच्या कृपेने जगली. तिचे आभार मानायला मात्र आजवर कोणी सभा भरवलेली नाही.

रेने फॉक्स आणि ज्युडिथ स्वेझी या अमेरिकी अभ्यासकांनी प्रत्यारोपणाच्या संदर्भात ‘दानाचा जुलूम’ ही कल्पना मांडली. प्रत्येक भेटीमागे परतफेडीचे बंधन असते, हा मार्सेल मोस या फ्रेंच विचारवंताचा सिद्धांत त्यांनी आधाराला घेतला; अवयवाची परतफेड अशक्यच असल्याने दाता आणि प्राप्तकर्ता सावकार-ऋणकोच्या नात्यात अडकतात, असे त्यांचे म्हणणे. प्राप्तकर्त्यांच्या मनातील अपराधभाव त्यांनी अचूक टिपला, यात शंका नाही. पण हे ओझे दानाच्या स्वरूपातूनच येते, असे मात्र म्हणता येत नाही. गुप्तदान श्रेष्ठ मानणारी परंपरा आपल्याकडे आहे, आणि मरणोत्तर अवयवदानात दाता व प्राप्तकर्ता यांची ओळख एकमेकांपासून गुप्त ठेवण्याची व्यवस्थाही तिच्याशी जुळणारी आहे. मेंदूमृत, म्हणजे मेंदूचे कार्य कायमचे थांबलेल्या, दात्याचे कुटुंब तगादा लावायला येत नाही. तगादा लावतात ते भोवतालचे लोक.

येथे पत्ता नसलेली कृतज्ञता आणि पत्ता असलेली कृतज्ञता असा भेद करणे उपयोगाचे ठरते. पहिल्या प्रकारात आभार पोचवायला माणूसच समोर नसतो, तेव्हा अवयव जपणे, औषधे वेळेवर घेणे हीच परतफेड, असा सल्ला दिला जातो. तो प्रथमदर्शनी पटतोही, कारण त्यात भावनेला रोजच्या शिस्तीचे रूप मिळते. पण औषधात एकदाही खंड पाडला नाही तरी बसवलेले मूत्रपिंड काही वर्षांनी निकामी होऊ शकते. जपणूक हीच कृतज्ञता मानली, तर असा रुग्ण पुन्हा डायलिसिसवर जाताना कृतघ्नही ठरतो. म्हणून हा सल्ला वैद्यकीय सूचना म्हणूनच द्यावा, नैतिक कर्तव्य म्हणून नव्हे. आणि अनाम दात्याबाबत प्राप्तकर्त्याने काही सिद्ध करायचे आहे, ही अपेक्षाच सोडून द्यावी.

दुसऱ्या प्रकारात हे उत्तर पुरत नाही. भारतात मूत्रपिंडे बहुतांशी जिवंत नातलगांकडून येतात, देणाऱ्यांत आई आणि पत्नी यांचे प्रमाण मोठे असते, तर घेणाऱ्यांत पुरुष अधिक असतात. येथे फॉक्स आणि स्वेझी यांचे चित्र बरेचसे उलटे होते: पत्नीने देणे इतके स्वाभाविक धरले जाते की ऋणको निश्चिंत राहतो आणि ज्या बाईने दिले तिची कोणी विचारपूसही करीत नाही. टाके सुकण्याआधीच ती पतीच्या पथ्याचा स्वयंपाक करू लागते. ‘मीच किडनी दिली, त्यात काय एवढे,’ असे ती स्वतःच म्हणते, आणि घर ते सोयीस्करपणे खरे मानते. वास्तविक एका मूत्रपिंडावर जगणाऱ्या दात्याने दरवर्षी रक्तदाब, लघवीतील प्रथिने आणि रक्तातील क्रिएटिनिन तपासून घ्यायला हवे. पतीच्या तपासण्यांची फाईल जाड होत असताना तिच्या नावाची फाईल पुष्कळ घरांत नसतेच. व्यासपीठावरचे आभार तिला नकोत. पुढच्या वेळी रुग्णालयात जाताना तिलाही सोबत न्यावे आणि तिच्या नावाचा केसपेपर आधी काढावा.