झोपलेल्याच्या उशाशी

रात्री दोनच्या सुमारास मशीनचा आवाज बदलला आणि मला जाग आली. गेली सात वर्षं ह्यांच्या उशाशी चालणाऱ्या त्या मशीनचा सलग ‘सूंऽऽ’ माझ्या कानात इतका मुरलाय, की एरवी तो ऐकूच येत नाही. त्या रात्री मात्र त्यात घरघर मिसळत होती, जात्यात खडा आल्यासारखी. मग मास्कच्या आतून घोरणं ऐकू आलं. सात वर्षांत पहिल्यांदाच. मी उठून बसले आणि २०१८ च्या आधी मोजायचे तसे आकडे मोजू लागले. एक, दोन, तीन... सतराव्या आकड्याला ह्यांनी दचकून श्वास घेतला, कूस बदलली आणि पुन्हा झोपी गेले. सकाळी विचारलं, तर म्हणाले, “छान झोप लागली की!”

स्लीप ॲप्निआ हा आजारच असा आहे. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, श्वासाची वाट मिटते, रक्तातला प्राणवायू उतरू लागतो. मग मेंदू माणसाला क्षणभर जागं करतो, वाट मोकळी होते, माणूस पुन्हा झोपतो आणि पुन्हा तेच. श्वास निदान दहा सेकंद अडला, तर डॉक्टर तो अडथळा मोजतात. तासाला तीसहून जास्त अडथळे आले, तर आजार तीव्र समजतात. ह्यांचे ४२ होते. पण ज्याचा श्वास अडतो, त्याला त्याचा पत्ता नसतो. आपल्याकडे तर घोरणं म्हणजे गाढ झोपेची खूण. ‘बघा, कसे निवांत घोरताहेत’ असं कौतुकानं म्हणणारी घरं मी पुष्कळ पाहिली आहेत. आमचंही त्यातलंच होतं.

ह्यावरचा उपाय सिडनीच्या डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी शोधला आणि १९८१ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडला. नाकावाटे ठरावीक दाबानं सतत हवा सोडत राहायची, म्हणजे त्या हवेच्याच टेकूवर घशाची वाट उघडी राहते. सुरुवातीला त्यांनी व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटरवर काम भागवलं होतं. आजचं सीपॅप मशीन पोळ्यांच्या डब्याएवढं असतं, पण तत्त्व तेच. हवा आपल्या भोवतीचीच असते, औषध असतं ते तिच्या दाबात. पाण्याच्या स्तंभाच्या मापात तो दाब मोजतात. डॉक्टरांनी ह्यांना ११ सेंटिमीटर ठरवून दिला होता. गोळीची मात्रा ठरवावी तसा.

त्या रात्री मशीनचा दिवा लागलेला होता, पडद्यावर ११ दिसत होतं, हवाही येत होती. मात्रा पुरी पडत होती का, हे मात्र बघून कळण्यासारखं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मशीन पिशवीत घालून आम्ही पुण्यातल्या एका विक्रेत्याकडे गेलो. काउंटरवरच्या मुलानं ते चालू करून पाहिलं. मोटरचं आयुष्य संपल्याची सूचना पडद्यावर आली. हे बँकेतून कॅशिअर म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी उभ्या उभ्या हिशेब केला: रोज सरासरी सात तास, सात वर्षं, म्हणजे जवळजवळ अठरा हजार तास. मशीनवरून हात फिरवत म्हणाले, “खूप राबलं बिचारं.” मुलगा म्हणाला, “काका, पाच वर्षं झाली की बदलायचंच असतं हे.” नवं बासष्ट हजारांना. जुनं एक्स्चेंजमध्ये दिलं, तर त्यातून पाच हजार वजा.

मग विमा आठवला. आपल्याकडच्या मेडिक्लेमचा सगळा डोलारा रुग्णालयाभोवती उभा आहे. खाट अडवली, तर पैसे. घरी रोज रात्री लागणारं उपकरण त्यात बसत नाही आणि अनेक पॉलिसींच्या वगळलेल्या बाबींत सीपॅपचं नाव स्पष्ट छापलेलं असतं. म्हणजे जे मशीन माणसाला रुग्णालयापासून लांब ठेवतं, त्याला पैसे नाहीत. उपचाराविना रक्तदाब चढला, हृदयावर ताण आला, पक्षाघात होऊन माणूस दाखल झाला, की मग पैसे आहेत. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना आणि पेन्शनरांना सीजीएचएस योजनेत ठरावीक मर्यादेपर्यंत परतावा मिळतो. काही नव्या पॉलिसींत जादा हप्ता भरून टिकाऊ उपकरणांचं कलम घेता येतं. आमच्या मुलीनं आग्रहानं ते घ्यायला लावलं होतं, म्हणून आम्हाला निदान फॉर्म भरायला जागा होती.

अमेरिकेत मेडिकेअर या सरकारी विम्यात हे मशीन आधी भाड्यानं मिळतं आणि तेरा महिन्यांनी रुग्णाच्या मालकीचं होतं. पाच वर्षांनी ते बदलून मिळू शकतं. सुरुवातीला सलग तीस दिवसांतल्या ७० टक्के रात्री, रात्री किमान चार तास ते वापरल्याचा पुरावा द्यावा लागतो आणि तो पुरावा मशीनच देतं. रात्री तीनला मास्क काढून फेकणाऱ्या माणसाला हा नियम जाचतच असणार. पण त्यात एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. असं मशीन म्हातारं होतं, हे कुणीतरी आधीच मान्य करून कागदावर लिहून ठेवलं आहे.

आमच्या फॉर्मवर एक ओळ होती: ‘जुन्या उपकरणाची स्थिती’. पुढे दोन चौकोन, ‘चालू’ आणि ‘बंद’. ‘चालू’वर खूण केली, तर नवं कशाला हवं, हा प्रश्न आलाच. ‘बंद’वर करावी, तर मशीन आदल्या रात्रीही चालत होतं. काउंटरवरचा मुलगा मदतीला धावला, अगदी मनापासून. “काकू, मी बंद पडल्याचं लिहून देतो. सगळे तसंच करतात. नाहीतर क्लेम अडकेल.” त्यानं ड्रॉवरमधून शिक्का काढलासुद्धा.

माझं मन त्या शिक्क्याकडे झुकलं होतं, हे मला कबूल करायला हवं. इतकी वर्षं न चुकता हप्ते भरलेत, कुणाला लुबाडत नाही आहोत, आणि प्रश्न ह्यांच्या श्वासाचा आहे, अशी कारणं मनात रांगेनं उभी होती. हे म्हणाले, “बंद नाही रे ते. कमी पडतंय. तेवढंच लिही.”

“काका, कमी पडतंय असा कॉलम नाहीये.”

ते वाक्य माझ्या डोक्यातून अजून जात नाही. किती गोष्टींना आपण हा कॉलम ठेवलेला नाही! चालू आणि बंद यांच्यामध्ये एक लांबलचक कातरवेळ असते आणि घात बहुधा त्याच वेळी होतो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला, एसटीच्या गाड्यांसह माणसं गेली. त्या संध्याकाळपर्यंत तो पूल ‘चालू’च होता. रात्रीच्या एसटीत बसलेला माणूस वाटेतल्या पुलांची परीक्षा घेत नाही. तो पिशवी मांडीवर घेऊन डोळे मिटतो. कुणीतरी पाहिलं असेल, या भरवशावर.

झोप म्हणजे हा भरवसाच. आपण विश्वासाला ‘मांडीवर डोकं ठेवून झोपणं’ म्हणतो आणि विश्वासघाताला ‘केसानं गळा कापणं’. दोन्हीकडे गळा उघडा आहे आणि माणूस बेसावध आहे. झोपलेला माणूस स्वतःची बाजू मांडू शकत नाही. त्याची साक्ष जागा असलेल्यालाच द्यावी लागते. आमच्या घरात ती जागी व्यक्ती मी आहे. पण मशीन बनवणारा, विकणारा, तपासणारा, विम्याचा कागद मंजूर करणारा, हे सगळेसुद्धा त्या खोलीत उशाशी बसलेले असतात, त्यांना तसं वाटो न वाटो.

जून २०२१ मध्ये फिलिप्स कंपनीनं जगभरातून अशी लाखो मशीनं परत मागवली. आवाज कमी व्हावा म्हणून आत बसवलेला फोम झिजत होता आणि त्याचे कण आणि त्यातून सुटणारी रसायनं श्वासावाटे आत जाण्याचा धोका होता. फोम झिजणं हा दोष एक वेळ समजून घेता येईल, वस्तू झिजतातच. पण अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या तपासणीत दिसलं, की फोमबद्दलच्या तक्रारी कंपनीकडे त्याआधी कित्येक वर्षं येत होत्या. जागे असलेल्यांना कळलं होतं आणि झोपलेल्यांना कुणी उठवलं नव्हतं.

दुकानात ह्यांनी विचारलं, “दाब मोजता येतो का?” मागच्या खोलीतल्या तंत्रज्ञाकडे छोटं मीटर होतं. त्यानं नळीचं टोक मीटरला जोडलं आणि मशीन ११ वर लावलं. मशीनच्या पडद्यावर ११ उमटलं. मीटरवरचा आकडा चढत चढत ८ वर थांबला. त्यानं नळी काढली, पुसली, परत जोडली. पुन्हा ८. चौघंही गप्प उभे होतो. रात्री मी सतरापर्यंत आकडे का मोजले, त्याचं उत्तर त्या तीन सेंटिमीटरमध्ये होतं.

‘११ वर सेट केले असता प्रत्यक्ष दाब ८’ असं तंत्रज्ञानं लेटरहेडवर लिहून दिलं आणि सही केली. मी फॉर्मवरचे दोन्ही चौकोन कोरे ठेवले आणि शेजारी समासात लिहिलं: ‘चालू आहे, पण ठरवलेला दाब देत नाही. सोबत मोजणीचा कागद.’

क्लेम नामंजूर झाला. कारण, ‘उपकरण चालू स्थितीत’. आम्ही डॉक्टरांचं पत्र जोडून लेखी तक्रार केली. कंपनीनं नाकारलं किंवा तीस दिवसांत उत्तर दिलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं, तिथे शुल्क लागत नाही आणि पुण्यातही त्यांचं कार्यालय आहे, हे मला तेव्हा कळलं. तो अर्ज लिहून तयार होता. त्याआधीच, सव्वादोन महिन्यांनी, चाळीस हजार मंजूर झाले, कलमाची मर्यादा तेवढीच होती. मशीन मात्र आम्ही पहिल्याच आठवड्यात स्वतःचे पैसे घालून घेतलं होतं. श्वासाला फायलीसाठी थांबता येत नाही.

म्हणूनच मला इथे खरेपणाची शेखी मिरवायची नाही. आमच्याकडे बासष्ट हजार होते, म्हणून आम्हाला खरं लिहून सव्वादोन महिने वाट बघणं परवडलं. ज्याच्याकडे नाहीत, त्यानं काय करावं? त्यानं घाबरून ‘बंद’वर खूण केली, तर त्याच्याकडे बोट दाखवायला माझा हात उचलणार नाही. त्याच्या खोट्यात मोठा वाटा दोनच चौकोन छापणाऱ्याचा आहे. विमा कंपन्यांनी तिसरा चौकोन छापावा आणि त्यापुढे मोजणीचा कागद मागावा. विक्रेत्यांनी शिक्का उचलण्याआधी मीटर उचलावं. एवढं झालं, तर पुष्कळ माणसं खोटं बोलण्यापासून वाचतील.

त्या पहिल्याच आठवड्यात नवं मशीन घेऊन तोच मुलगा घरी आला. मास्क बसवून दिला, फिल्टर कधी बदलायचा ते सांगितलं आणि जुन्याकडे हात केला. “हे घेऊन जातो ना काकू? पाच हजार वजा केलेत बिलात.”

“ह्याचं पुढे काय करता?”

“सर्व्हिसिंग करून, पुसूनपासून तालुक्याला देतो. नवं परवडत नाही अशांना. एक प्रकारे पुण्यच आहे.”

आपल्या हातातून उतरलेली वस्तू दुसऱ्याला देण्याची रीत आपल्या घराघरांत आहे आणि ती चांगली आहे. नीट मोजून, दुरुस्त करून दिलेलं जुनं मशीन कुणाचा संसार वाचवू शकतं. पण ह्या मशीनची मोटर बदलणार का, असं मी विचारलं, तेव्हा तो खाली बघून म्हणाला, “मोटर नाही बदलत, काकू. परवडणार नाही.” म्हणजे कुठल्याशा गावात, कुणाच्या तरी उशाशी, ते ११ दाखवत राहणार आणि ८ देत राहणार. शेजारी माझ्यासारखीच एखादी बाई उठून बसणार आणि अंधारात आकडे मोजणार. फरक एवढाच, की मशीन आणलंय, आता काळजी नाही, अशी तिची समजूत असणार.

हे इतका वेळ ऐकत होते. बँकेत ह्यांच्या खिडकीशी खोटी नोट आली, तर ती माणसाला परत द्यायची नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तिच्यावर शिक्का मारायचा, ती ठेवून घ्यायची, त्याला पोच द्यायची. समोरचा गयावया करतो, की मलाही कुणीतरीच दिली, माझा काय दोष? दोष नसतोच त्याचा. त्या पाचशे रुपयांनी तो घर चालवणार होता, हेही खरं असतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी अशाच एका भाजीवाल्या म्हातारीची नोट ठेवून घेतल्यावर हे रात्री जेवले नव्हते, असं सासूबाई सांगायच्या. पण नोट त्यांनी परत दिली नव्हती. तोटा कुठेतरी कुणीतरी आपल्या पदरात घेऊन थांबवावा लागतो, नाहीतर तो हातोहात पुढे जातो आणि ज्याला ओळखता येत नाही त्याच्यापाशी जाऊन थांबतो.

जुनं मशीन आम्ही ठेवून घेतलं. मुलानं बिल दुरुस्त केलं. आम्ही पाच हजार जास्तीचे दिले. तो गेल्यावर ह्यांनी चिकटपट्टीचा एक तुकडा जुन्या मशीनच्या पडद्यावर आडवा लावला आणि त्यावर कॅशिअरच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं: ‘दाखवते ११, देते ८. वापरू नये.’ खाली तारीख घातली, सही केली आणि मशीन ई-कचऱ्याच्या पिशवीत ठेवलं.