परवाना आणि दोष

अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली यांपैकी कोणत्याही उपनगरात, पुनर्विकासास निघालेल्या सोसायटीच्या आवारात किंवा रुंदीकरणाच्या रेषेत सापडलेल्या रस्त्याच्या कडेला, एखाद्या पर्जन्यवृक्षाच्या बुंध्यावर महानगरपालिकेच्या उद्यान खात्याची नोटीस लावलेली आढळते: झाडाची जात अमुक, तोडण्याचे कारण तमुक, आणि कोणाची हरकत असल्यास ती मुदतीत लेखी कळवावी. पावसाने शाई उतरलेली असते, आणि ज्याच्याविषयी हा सारा मजकूर लिहिलेला असतो तोच तो अंगावर वागवीत उभा असतो. नागरी क्षेत्रांतील झाडांच्या संरक्षणाचा व जतनाचा जो कायदा राज्याने १९७५ साली केला, त्यान्वये अर्ज, पाहणी, जाहीर सूचना, हरकती आणि वृक्ष प्राधिकरणाची मंजुरी एवढ्या पायऱ्या चढल्यावाचून कुऱ्हाड उचलता येत नाही. या सर्व पायऱ्या यथासांग चढून, खरोखरीच्या लोकहितासाठी जे झाड तोडले गेले, त्याच्या तोडण्यात काही दोष उरतो की नाही, हा प्रश्न मात्र कायद्याच्या कक्षेबाहेरचा म्हणून सोडून दिला जातो.

वस्तुतः हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. कोणत्याही प्राण्याची हिंसा करू नये असा सामान्य निषेध श्रुतीत आहे, आणि यज्ञात पशू मारावा असा विधीही श्रुतीतच आहे. मग याज्ञिकाला पाप लागते काय? मीमांसकांचे उत्तर खणखणीत आहे: विशेष विधी सामान्य निषेधाला बाधतो, जेथे वेदाचाच हुकूम झाला तेथे निषेधाचा अंमल चालत नाही, आणि अंमल नाही तेथे कसूर कसला? सांख्यांचे समाधान एवढ्याने झाले नाही. वाचस्पतिमिश्रांनी ‘सांख्यतत्त्वकौमुदी’त दुसऱ्या कारिकेवर लिहिताना मोठी मार्मिक फोड केली आहे. बाध हा विरोध असेल तरच संभवतो, आणि येथे विरोधच नाही; कारण विधी एवढेच सांगतो की ही हिंसा यज्ञाला उपकारक आहे, आणि निषेध एवढेच सांगतो की हिंसा करणाऱ्याला ती अनर्थकारक आहे. दोन्ही विधाने एकाच कृत्याविषयी एकाच वेळी खरी असू शकतात. यज्ञही सिद्ध होतो आणि दोषही लागतो. तो अल्प असेल, प्रायश्चित्ताने निवारण्याजोगा असेल, परंतु प्रायश्चित्त राहून गेले तर फलकाळी तो भोगावाच लागतो.

आपला कायदा नकळत सांख्यांच्या पंक्तीला बसलेला आहे. परवान्याने दोष समूळ धुतला जात असता, तर तोडलेल्या झाडामागे नवी झाडे लावण्याची अट घालण्याचे कारणच नव्हते. २०२१ च्या दुरुस्तीने तर असे ठरवले की, जितक्या वर्षांचे झाड तोडाल तितकी झाडे लावा, ती लावताना सहा ते आठ फूट उंचीची असोत, आणि सात वर्षे त्यांची देखभाल करा. मनुस्मृतीत फळझाड तोडणाऱ्याला शंभर ऋचांचा जप सांगितला आहे, पण तेथे झाडाचे वय विचारलेले नाही. या एका बाबतीत आमचे सचिवालय मनूपेक्षा सूक्ष्म निघाले असे म्हणण्यास मला हरकत वाटत नाही. अडचण आहे ती अशी की कायदा सांख्यमताचा असला तरी त्याची अंमलबजावणी करणारे मन मीमांसकाचे आहे. मंजुरीचा कागद हाती पडला की प्रकरण निर्दोष झाले. साठ वर्षांच्या झाडामागे साठ रोपे हा हिशेब दप्तरात तत्काळ जुळतो, आणि एवढी रोपे लावण्यास उपनगरात मोकळी जमीन उरली आहे कोठे, ही पृच्छा वेगळ्या फाइलीत जाते.

आरेचे उदाहरण सर्वांच्या स्मरणात आहे. मेट्रो ३ च्या कारशेडसाठी २९ ऑगस्ट २०१९ रोजी वृक्ष प्राधिकरणाने २,६४६ झाडे हटवण्यास मंजुरी दिली. त्यांपैकी २,१८५ तोडायची आणि ४६१ दुसरीकडे लावायची होती. ४ ऑक्टोबरला उच्च न्यायालयाने विरोधाच्या याचिका फेटाळल्या, आणि नवरात्रातल्या त्याच रात्री करवती सुरू झाल्या. ७ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली तोवर २,१४१ झाडे पडली होती. सकाळच्या गर्दीत अंधेरी स्थानकावर ज्याने लोकलच्या दारात जीव मुठीत धरला आहे तो मेट्रोला अनावश्यक म्हणणार नाही, आणि मीही म्हणत नाही. मला खटकते ती ती रात्र.

वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त देवमूर्तीसाठी झाड तोडायचे असल्यास काय करावे याचा एक स्वतंत्र अध्याय आहे. झाडाची रात्री पूजा करावी, बली द्यावा, त्याला कोणत्या देवतेसाठी तोडणार ते सांगावे, आणि त्यावर राहणाऱ्या भूतांना विनवावे की ही पूजा स्वीकारून आपण अन्यत्र वास करावा व आम्हांस क्षमा असावी. तोडणे दुसऱ्या दिवशी सकाळी. प्रयोजन साक्षात देवाचे, म्हणजे लोकहिताहूनही थोर, तरीसुद्धा क्षमा मागायची आणि एक रात्र थांबायचे. मंजुरी आणि कुऱ्हाड यांच्यामधली ही रात्र आरेत मिळाली नाही. तीच तोडण्यासाठी वापरली गेली.

पुढे एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर एक विलक्षण प्रसंग आला. न्यायालयाने ८४ झाडांपुरती मुभा दिली असता मेट्रो महामंडळाने १७७ झाडांसाठी प्राधिकरणाकडे धाव घेतली होती. न्यायालयाने लोकहितास्तव त्या १७७ झाडांना परवानगी दिली, आणि त्याच हुकुमात मर्यादा ओलांडल्याबद्दल दहा लाख रुपयांचा दंडही ठोठावला. तो दंड झाडांबद्दलचा नव्हता हे खरे; तरी कार्य पुरे होऊ द्यावे आणि कर्त्यास मोकळे सोडू नये, हा वाचस्पतिमिश्रांचाच न्याय झाला.

आता राहतो प्रश्न, हा उरलेला दोष कोणाच्या खाती पडतो हा. यज्ञात ऋत्विज दक्षिणा घेऊन घरी जातात. फल यजमानाचे, आणि फलाबरोबर येणारा मळही त्याचाच. आयुक्त, उद्यान अधीक्षक, महामंडळाचे संचालक हे सारे या न्यायाने ऋत्विज ठरतात, आणि रोपांची सात वर्षे पुरी होण्याआधीच त्यांच्या बदल्या झालेल्या असतात. ७ ऑक्टोबर २०२४ पासून आरेहून वांद्रे-कुर्ला संकुलाकडे वातानुकूलित डब्यात बसून जो जातो, यजमान तो आहे. आणि त्या झाडांमागे लावलेली रोपे कोठे आहेत, जगली किती, हे पालिकेच्या विभाग कार्यालयात अर्ज देऊन विचारण्याचा अधिकारही त्यालाच आहे.