मुखवट्याआडचा माणूस

पिंपरी-चिंचवडमध्ये दोन अनोळखी माणसे भेटली, की नावापाठोपाठ प्रश्न येतो, ‘कुठल्या कंपनीत?’ १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. पुढे टेल्को, बजाज आले. कोकणातून, मराठवाड्यातून आलेल्या माणसाला गावा-कुळाच्या जागी कंपनीचे नाव मिळाले. कांद्याबटाट्याच्या बाजारासाठी ओळखल्या जाणाऱ्या चाकणच्या परिसरातही मोटारींचे कारखाने आले आणि अनेक शेतकऱ्यांची शेतकरी ही ओळख जमिनीबरोबर गेली. २००७ साली आकुर्डीच्या बजाज कारखान्यातील वाहन-उत्पादन थांबले. असे काम थांबते तेव्हा पगारासोबत ‘मी कोण?’ या प्रश्नाचे तयार उत्तरही जाते.

स्विस मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग (१८७५-१९६१) यांनी समाजात वावरताना माणूस जे रूप धारण करतो त्याला ‘पर्सोना’ म्हटले. लॅटिन भाषेत पर्सोना म्हणजे नटाचा मुखवटा. मुखवट्यावाचून व्यवहार चालत नाही. मात्र त्यालाच चेहरा मानले, की घात होतो. त्याच्याआड आपण नाकारलेला राग, मत्सर व भय साचत राहते. युंग यांनी त्याला ‘छाया’ असे नाव दिले. साहेबापुढे गिळलेला संताप मग घरी पत्नीवर, मुलांवर कोसळतो. स्वतःतील असुरक्षितता परप्रांतातून आलेल्या कंत्राटी मजुरात शत्रू शोधते.

युंग यांच्या मते मानवजातीच्या खोल नेणिवेत काही आदिबंध वसतात. त्यांपैकी एक मृत्यूतून नवजन्माचा. योना माशाच्या पोटात तीन दिवस राहतो, गव्हाचा दाणा मातीत मरतो. आपल्या श्रद्धेला हे अपरिचित नाही. परंतु आपल्यासाठी ते केवळ प्रतीक नाही. प्रभू येशू खरोखर मरण पावला आणि उठला.

येथे एक नैतिक प्रश्न उभा राहतो. छायेचा स्वीकार म्हणजे पापाशी तह काय? डोमिनिकन धर्मगुरू फादर व्हिक्टर व्हाइट यांनी १९४५ पासून युंग यांच्याशी दीर्घ पत्रव्यवहार केला. पुढे दोघांच्या स्नेहाला तडा गेला, त्यामागे दुष्टतेच्या स्वरूपाविषयीचा मतभेद मोठा होता. संत ऑगस्टीनपासून चालत आलेली शिकवण सांगते, की दुष्टता म्हणजे सत्प्रवृत्तीचा अभाव. युंग यांना वाटे, अशाने दुष्टतेचे बळ कमी लेखले जाते. त्यांचा इशारा ध्यानी घ्यावा, परंतु निष्कर्ष स्वीकारण्याचे कारण नाही. आजाराचे नाव सांगणारा रोगी आजाराचा मित्र होत नाही. पापनिवेदनाच्या वेळी आपण हेच करतो. छायेला नाव देतो, तिची जबाबदारी घेतो आणि क्षमा मागतो. मानसशास्त्र आपल्याला आरशापर्यंत नेते; क्षमा मात्र आरसा देऊ शकत नाही.

पवित्र त्रैक्यातील पित्याला, पुत्राला व पवित्र आत्म्याला ख्रिस्तसभेने लॅटिनमध्ये हाच पर्सोना शब्द वापरला आहे. नटाच्या मुखवट्याचे नाव असे प्रेमाने परस्परांशी जोडलेल्या व्यक्तींचे नाव झाले. आपला प्रवासही त्याच दिशेचा असावा. काम सुटलेला बंधू मिस्सानंतर भेटला, तर ‘सध्या कुठे?’ या प्रश्नाआधी ‘कसा आहेस?’ असे विचारावे. तेवढ्यानेही मुखवट्याआडच्या माणसाला बाहेर येण्यास वाट मिळते.