पोचपावती

कॉमर्सची पदवी घेतलेल्या माणसाचा आणि तत्त्वज्ञानाचा फारसा संबंध येत नाही. संध्याकाळी कॅश टॅली झाली की त्याला मोक्ष मिळतो. जमेची बाजू आणि नावेची बाजू सारखी आली, की आत्मा, परमात्मा वगैरे मंडळींनी आपापलं बघून घ्यावं. तरीही गेली काही वर्षं एक प्रश्न माझा पिच्छा सोडत नाही. आणि तो प्रश्न मला कुठल्या मठात पडला नाही, की वसंत व्याख्यानमालेत पडला नाही. तो पडला एका बारमध्ये. प्रश्न असा, की माणसाने पैसे दिले म्हणजे त्याचं देणं फिटलं का?

बारचं नाव सांगत नाही. कारण आमच्या घरी हा लेख वाचला जाणार आहे. महाड आणि पोलादपूरच्या मधे, मुंबई-गोवा हमरस्ता सोडून जरा आत गेलं की तो लागतो. 'जरा आत' असण्यालाही कारण आहे. डिसेंबर २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने हमरस्त्यापासून ५०० मीटरच्या आत दारू विकू नये असा हुकूम दिला आणि लहान वस्त्यांसाठी पुढे तो आकडा २२० वर आणला. तेव्हापासून आमच्या भागातल्या पुष्कळ लोकांना मीटर म्हणजे नेमका किती, हे शाळेत कळलं नव्हतं ते कळलं.

पाटीवर तीन गोष्टी लिहिल्या आहेत. 'परमिट रूम', 'फॅमिली रूम' आणि 'लाइव्ह म्युझिक'. पैकी फॅमिली आजवर कुणी आणलेली मी पाहिली नाही. परमिटचं म्हणाल, तर आपल्या राज्यातले सगळे बार १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली चालतात, ही गोष्ट परक्या माणसाला समजावून सांगायला गेलं की तो आपणच घेऊन आलोय की काय, अशा नजरेने बघतो. पिणाऱ्याने परवाना घ्यायचा. विदेशी दारूसाठी एका दिवसाचा पाच रुपयांत, देशीसाठी दोन रुपयांत. आणि परवान्याचं कारण काय? तर प्रकृतीची जपणूक! त्या हिशेबाने आमच्या बारमध्ये दर शनिवारी प्रकृती जपणाऱ्यांची एवढी गर्दी होते, की सरकारी दवाखान्याने हेवा करावा.

राहता राहिलं म्युझिक. ते मात्र खरंच लाइव्ह असतं. म्हणजे गाणारी माणसं जिवंत असतात, एवढं मी शपथेवर सांगू शकतो.

आता अशा जागी माणूस जातो कशाला? पापलेट करपलेलं असतं. दिवे लाल असतात, ते बहुधा पापलेट दिसू नये म्हणून. पंखा फिरतो, पण वारा शेजारच्या टेबलाला लागतो. तरी त्या जागेला एक मोहिनी आहे. तिथे तुमचा हुद्दा कुणी विचारत नाही. एमआयडीसीतला केमिस्ट, ट्रकचा ड्रायव्हर, रायगड उतरून गुडघे धरून बसलेला पुण्याचा ट्रेकर आणि आवर्त ठेवीचा एजंट एकाच प्रकारच्या मोडक्या खुर्चीवर बसतात. ज्याचं कर्ज थकलं आहे तो, आणि ज्याने ते वसूल करायचं आहे तो, शेजारशेजारच्या टेबलांवर असतात आणि एकमेकांना ओळखत नाहीत. याला मी सभ्यता म्हणतो. बँकेत ती मला क्वचितच दिसते.

कोपऱ्यात फूटभर उंचीच्या स्टेजवर तीन माणसं असतात. एक की-बोर्डवाला; त्याच्या पेटीत व्हायोलिनपासून सनईपर्यंत सगळे वादक कोंडलेले आहेत. एक ऑक्टोपॅडवाला. आणि एक गाणारी बाई. माइकला 'इको' इतका आहे, की तिने एक शब्द उच्चारला की आपल्याला चार मिळतात. चक्रवाढ व्याज इतक्या लवकर आमची बँकसुद्धा देत नाही. बाईंचा सूर खालच्या पट्टीत बरा असतो. वरच्या पट्टीत गेला की ट्यूबलाइट लुकलुकते. दोन गाण्यांच्या मधे त्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून चहा पितात. त्या सगळ्या खोलीत पूर्ण शुद्धीवर असलेली माणसं दोनच. त्या, आणि गल्ल्यावर बसून बिलं लिहिणारा.

आणि त्यांचं गाणं कुणीही ऐकत नाही.

अगदी फर्माईश करणारासुद्धा नाही! वेटरच्या हाती चिठ्ठी जाते, चिठ्ठीत नोट असते. बाई नमस्कार करून गाणं सुरू करतात. तेवढ्यात फर्माईशवाल्याचा फोन वाजतो आणि पुढची पाच मिनिटं तो वाळूच्या दोन ब्रासचा भाव ठरवत असतो. गाणं संपतं. भाव ठरत नाही. पण त्याच्या चेहऱ्यावर समाधान असतं, कारण त्याने पैसे दिलेले असतात.

आमच्या हेड कॅशियरना यात वावगं काही दिसत नाही. ते म्हणतात, "अहो, तिला पैसे मिळतात ना? मी दिवसभर नोटा मोजतो. माझ्यापुढे कुणी टाळ्या वाजवल्यात का कधी?"

मुद्दा बिनतोड वाटतो. मीही त्यावर दोन आठवडे विचार केला. पण नोटा मोजणं आणि गाणं यांत एक फरक आहे. हेड कॅशियरनी शंभराचं बंडल मोजलं, की कुणी बघितलं नाही तरी ते मोजलं जातं. पोहे कुणी खाल्ले नाहीत तरी ते पोहेच राहतात, फक्त गार होतात. गाण्याचं तसं नाही. ते दुसऱ्याच्या कानात शिरल्यावर पुरं होतं. तोवर ते टपालात पडलेलं पत्र. तिकिटाचे पैसे कुणीतरी भरले आहेत, पण पत्र कुणी फोडलं नाही. रोज रात्री असली वीस पत्रं पाठवायची आणि एकाचंही उत्तर यायचं नाही, ही नोकरी मोठी अवघड आहे.

म्हणून मी टाळी वाजवतो. गाणं संपलं की वाजवतो. सगळे वळून बघतात. एका मित्राने तर मला नीतीचा धडा दिला. "बेसूर गाण्याला टाळी म्हणजे खोटेपणा! तू खोटी सही करशील का?"

हा मित्र कॉमर्सचा नव्हे, नाहीतर त्याला पावती आणि प्रशस्तिपत्रक यांतला फरक कळला असता. दुकानातून साखरेचं पोतं घरी आलं की आपण पोचपावतीवर सही करतो. साखर गोड आहे असा तिचा अर्थ नसतो. माल पोचला, एवढाच असतो. माझी टाळी म्हणजे तेवढीच सही. बाई, तुमचं गाणं आलं. थोडं भिजलेलं आलं, पण आलं.

सरकारनेही या व्यवसायाकडे पुष्कळ लक्ष दिलं आहे. २००५ साली राज्याने बारमधल्या नाचावर बंदी आणली. हजारो बायकांची रोजी गेली. पण तीन किंवा त्याहून जास्त तारे असलेली हॉटेलं, क्लब आणि जिमखाने यांना त्यातून सूट होती. माणसाची नीती ताऱ्यांवर अवलंबून असते, हे ज्योतिषी कधीचे सांगत होते. ते पोलीस कायद्यात मात्र पहिल्यांदाच आलं. हायकोर्टाने २००६ साली आणि सुप्रीम कोर्टाने २०१३ साली ही बंदी टिकू दिली नाही. मधल्या काळात पुष्कळ बारनी पाट्या बदलल्या, कारण बंदी नाचावर होती, गाण्यावर नव्हती. 'डान्स' पुसून 'ऑर्केस्ट्रा' लिहिलं गेलं. मग २०१६ चा नवा कायदा आला. १७ जानेवारी २०१९ रोजी सुप्रीम कोर्टाने त्यातल्या बऱ्याच अटी काढून टाकल्या, पण संध्याकाळी सहा ते रात्री साडेअकरा ही वेळ ठेवली. नोटा उधळण्यावरची बंदीही ठेवली. बक्षीस द्यायचं तर हातात द्यावं. बँकवाला म्हणून या कलमाला माझा मनापासून पाठिंबा आहे. उधळलेल्या नोटा दुसऱ्या दिवशी कोणाच्या काउंटरवर येतात, ते आम्हाला विचारा. ऑर्केस्ट्रात चार बायका आणि चार पुरुषच हवेत, अशीही एक अट होती. फेब्रुवारी २०२२ मध्ये कोर्टाने तीही मोडीत काढली. आठ जण असोत. किती बाया आणि किती बुवा, ते ज्याचं त्याने ठरवावं.

म्हणजे बघा, स्टेजवर किती माणसं, किती वाजेपर्यंत, रस्त्यापासून किती मीटर, नोट कोणत्या पद्धतीने, सगळं मोजून झालं. कुणी ऐकतं का, हा रकाना कुठल्याच अर्जात नाही. तो असूही शकत नाही म्हणा. कायदा माणसाच्या खिशापर्यंत जातो, कानापर्यंत त्याला पोचता येत नाही. तिथून पुढचं काम आपलं असतं.

एक दुसरा कागद आहे, त्याचीही मला आठवण ठेवली पाहिजे. गावातल्या बायकांना दारूचं दुकान नको असेल तर मतदान होतं. मतपत्रिकेवर एक उभी बाटली आणि एक आडवी बाटली. अर्ध्याहून अधिक महिला मतदारांनी बाटली आडवी केली की दुकान बंद. ज्या बाईच्या घरातला पगार शनिवारी 'जरा आत' जाऊन येतो, तिने बाटली आडवी करावी यात मला तिळमात्र आश्चर्य वाटत नाही. तिच्यापुढे मी मोहिनी वगैरे शब्द वापरायला धजणार नाही. फक्त स्टेजवरच्या बाईला तिथे मत नसतं, कारण ती त्या गावची नसते. तिच्या घरचा पगार कुणाच्या तरी प्यायला बसण्यावरच चालतो. या दोन बायकांचा जमाखर्च एका पानावर कसा मांडायचा, ते मला बी.कॉम.ला शिकवलेलं नाही.

उलट डोंगराकडच्या गावांत हा प्रश्नच उभा राहत नाही. तळीयेच्या त्या अंगाला जा. एकादशीच्या रात्री देवळात भजन असतं. पेटीचा एक स्वर मुका असतो, पावसाळ्यात मृदंगाला ओल आलेली असते आणि बुवांचा आवाज पंचक्रोशीत ख्यातनाम असला तरी तो सुरासाठी नव्हे. पण तिथे कुणी वाळूचा भाव ठरवत नाही. कारण आज गाणारा उद्या टाळ धरून ऐकायला बसतो, आणि आज ऐकणारा पुढच्या अभंगाला तोंड उघडतो. येणं-देणं रोजच्या रोज मिटतं. बाकी शून्य. बारमध्ये गाणारा नेहमी गाणारा आणि ऐकणारा नेहमी न ऐकणारा; म्हणून तिथे बाकी साठत जाते.

२२ जुलै २०२१ ला डोंगर खचला आणि तळीयेची कोंडाळकरवाडी त्याखाली गेली. ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्याच पावसात महाड पाण्याखाली होतं. अशा जागी विनोदी लेखकाने तोंड मिटावं. मी फक्त नंतरची एक गोष्ट सांगतो.

दोनेक वर्षांनी त्या बाजूचा एक माणूस बारमध्ये आला. सोडा आणि उकडलेल्या शेंगा मागवून बसला. थोड्या वेळाने त्याने चिठ्ठी पाठवली. त्यात नोट नव्हती आणि सिनेमाचं गाणंही नव्हतं. भजनातला एक अभंग होता. वेटर हसला. म्हणाला, "साहेब, इथे?" बाईंनी चिठ्ठी वाचली आणि माइकवरून म्हणाल्या, "दादा, तुमच्याकडची चाल मला ठाऊक नाही. तुम्ही धरा, मी मागून येते."

त्याने बसल्या जागी धरला. आवाज जेमतेम समोरच्या टेबलापर्यंत येत होता. की-बोर्ड थांबला. कुणीतरी माइकचा इको बंद केला, तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की बाईंचा स्वतःचा आवाज बरा आहे. दोन कडव्यांनंतर फोनवर बोलणारे फोन धरून नुसते बसले होते. संपल्यावर त्या माणसाने तिकडे बघून हात जोडले. बाईंनीही जोडले. बस्स. पैसे कुणी दिले नाहीत, कुणी मागितले नाहीत. गल्ल्यावरच्याने त्याचं बिल केलं. एक सोडा, एक प्लेट शेंगा. तिसरी बाब लिहायला त्याच्याकडे रकाना नव्हता.

हेड कॅशियर तेव्हा माझ्याबरोबर होते. बाहेर पडताना ते म्हणाले, "याचा व्हाउचर कसा करायचा हो?" त्यांच्या तोंडून निघालेलं तत्त्वज्ञानाचं हे पहिलंच वाक्य.

असो. पुढच्या शनिवारी वाळूचा भाव पुन्हा सुरू झाला, पापलेट पुन्हा करपलं. चांगल्या जागी माणसं चांगली वागतात यात कौतुक कसलं? चांगल्या सभागृहात मागच्या रांगेतला खोकला दाबून धरतो, कारण शेजारी बघत असतात. वाईट जागी, लाल दिव्यात, कुणी बघत नसताना, आपण समोरच्या माणसाला माणूस धरतो की नाही, त्यावर आपली खरी शिल्लक कळते.

शेवटी व्यवहाराचं बोलतो. दारूवर कर लागतो, पाण्याची बाटली छापील किमतीला मिळाली तर नशीब, आणि वेटरची टिप वेगळी. टाळीला काही पडत नाही. त्यासाठी फक्त दोन हात मोकळे लागतात, आणि त्यातल्या एकात ग्लास असतो. माणसाला जड जातं ते एवढंच.