विचारले नाही, म्हणून सांगितले नाही

26 जुलै 2005 रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला, हे आपणांस आठवत असेल. त्या पुरात हजारो मोटारी बुडाल्या. त्यांतल्या काही वाळवून, पुसून दुसऱ्या शहरांच्या बाजारांत आल्या. आणि मुंबईहून निघालेला आग्रा रोड आमच्या इंदूरवरूनच जातो.

पुढल्या वर्षी शब्बाथशाळेच्या मुलांची ने-आण करण्यासाठी मंडळीने एक जुनी गाडी घ्यावी असे ठरले, आणि एक गाडी फारच स्वस्तात मिळू लागली. स्वस्त का, हे आम्ही विचारले नाही. देवाने सोय केली, असे म्हणून मोकळे झालो. (असे आपण पुष्कळदा म्हणतो.) मिस्त्रीने मात्र सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहिला, तो त्यावर गढूळ पाण्याची रेघ! गालिचा उचलला तर खाली वाळलेला गाळ, आणि सीटच्या पट्ट्यांना गंज. "साहेब, आज चालेल. पण वायरिंग आतून कुजते, ते कधी दगा देईल सांगता येत नाही."

गाडी आम्ही घेतली नाही. येथवर प्रश्न सोपा होता. पण मालक म्हणाले, "अहो, मलाही कोणी सांगितले नव्हते. तुम्हांला नको तर घेऊ नका, पण दुसऱ्या गिऱ्हाइकापाशी बोलू नका." त्यांचेही पैसे अडकलेले होते.

1872 च्या भारतीय करार कायद्यात, 17 व्या कलमाखाली, एक उदाहरण दिले आहे. लिलावात कोणी सदोष घोडा विकला आणि दोषाविषयी गप्प राहिला, तर ती फसवणूक नव्हे. पण लगेच दुसरे उदाहरण येते: घेणारी त्याचीच, नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर नात्यामुळे बापाने सांगितलेच पाहिजे. म्हणजे घोडा तोच, दोष तोच. प्रश्न एवढाच की, घेणारा आपला कोण लागतो? आणि त्या गाडीत तर मुलेच बसायची होती.

लेवीय 14 व्या अध्यायात घराच्या भिंतीला चट्टा दिसला, तर घरमालकाने आपण होऊन याजकाला कळवावे, अशी आज्ञा आहे. याजक शोधत येत नाही. शिवाय सांगण्यात मालकाचेच नुकसान, कारण खरवडून, नवा गिलावा करूनही चट्टा पुन्हा उठला तर घर पाडावे लागते.

महिन्याभराने दुसऱ्या एका मंडळीतील बंधूंनी त्याच गाडीविषयी विचारले. मालकांना आधी कळवून, जे पाहिले तेवढेच आम्ही सांगितले. मालक आजही रस्त्यात भेटले की मान फिरवतात.

त्या रात्री सौभाग्यवतींनी सहज विचारले, "आणि आपली स्कूटर?" ती पावसाळ्यात भर रस्त्यात बंद पडे. आम्ही ती विकली उन्हाळ्यात, एका तरुणाला. त्याने विचारले नव्हते. त्याचे घर छावणीत, आमच्याकडून पायी वीस मिनिटांवर. तेथे जायला आम्हांला सहा आठवडे लागले, आणि गेलो तोवर त्याने ती पुढे विकून टाकली होती.