प्रकरी, पुरवणी आणि न्याय

दीर्घ दूरचित्रवाणी मालिकेच्या दोन पर्वांमधील रिकाम्या काळात, मुख्य कथानकाला जोडून परंतु त्याच्या बाहेर, काही मिनिटांचे लघुभाग प्रसिद्ध करण्याची प्रथा एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात रूढ झाली. विज्ञानकथात्मक मालिकांनी ती विशेषत्वाने अंगीकारली. बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ या मालिकेने तर आपल्या नायकाच्या आठव्या अवताराचा अंत २०१३ मध्ये अशाच एका लघुभागात दाखवला. या पुरवणी-भागांकडे अभ्यासक सहसा कुतूहलाचा विषय म्हणून पाहतात. कलाकृतीची सीमा कोठे संपते, हा त्यांच्या निमित्ताने उपस्थित होणारा प्रश्न प्रथमदर्शनी सौंदर्यशास्त्रीय आहे. परंतु त्याच्या पोटात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे. एखाद्या पात्राविषयी निवाडा करण्यास आवश्यक असलेला पुरावा मुख्य संहितेबाहेर ठेवला गेला असेल, तर त्या निवाड्याची जबाबदारी कोणाची?

‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ या अमेरिकन मालिकेच्या (२००४–२००९) दोन पुरवण्या या दृष्टीने विचारात घेण्याजोग्या आहेत. मानवाने निर्माण केलेली सायलॉन ही यंत्रजात मानवी वसाहतींचा संहार करते आणि उरलेली माणसे अवकाशयानांच्या ताफ्यातून आश्रय शोधत फिरतात, हे मालिकेचे मूळ सूत्र. तिसऱ्या पर्वाच्या आरंभी ही माणसे ‘न्यू कॅप्रिका’ या ग्रहावर सायलॉनांच्या अंमलाखाली जगत असतात. हे पर्व सुरू होण्यापूर्वी, सप्टेंबर-ऑक्टोबर २००६ मध्ये, ‘द रेझिस्टन्स’ या शीर्षकाचे दहा लघुभाग इंटरनेटवरून प्रसिद्ध झाले. ब्रॅडली थॉम्पसन आणि डेव्हिड वेडल हे त्यांचे लेखक. हे भाग म्हणजे केवळ प्रसिद्धीसाहित्य आहे, असा पवित्रा एनबीसी युनिव्हर्सल या निर्मितिसंस्थेने घेतला आणि लेखकांचे श्रेय व पुनःप्रक्षेपणाचे मानधन नाकारले. या वादात मालिकेचे प्रमुख सर्जक रोनाल्ड डी. मूर लेखकांच्या बाजूने उभे राहिले. नोव्हेंबर २००७ ते फेब्रुवारी २००८ या काळात अमेरिकन पटकथालेखकांचा जो शंभर दिवसांचा संप झाला, त्याच्या केंद्रस्थानी इंटरनेटसाठीच्या लेखनाचा मोबदला हाच एक प्रमुख मुद्दा होता.

संस्थेच्या या भूमिकेत एक साहित्यशास्त्रीय गृहीतक अनुस्यूत आहे. जे दुसऱ्यासाठी लिहिले जाते ते स्वतः कृती नव्हे, हे ते गृहीतक. भारतीय नाट्यशास्त्राने हा प्रश्न फार पूर्वी वेगळ्या रीतीने सोडवला आहे. इतिवृत्ताचे आधिकारिक आणि प्रासंगिक असे दोन प्रकार सांगून प्रासंगिकाचे पुन्हा पताका आणि प्रकरी असे विभाजन केले गेले. पताका दूरवर चालते. रामकथेतील सुग्रीववृत्तांत हे तिचे प्रसिद्ध उदाहरण. प्रकरी अल्पप्रदेशी असते. तिचे फल परार्थ असते आणि तिला स्वतःचा अनुबंध नसतो. जटायूचा प्रसंग हे तिचे नेहमी दिले जाणारे उदाहरण. जटायू येतो, झुंजतो, वार्ता देतो आणि मरतो. कथेचे फल रामाकडेच राहते. तरीही भरतप्रणीत परंपरेने प्रकरीला अर्थप्रकृतींमध्ये, म्हणजे फलसिद्धीच्या साधनांमध्ये, स्थान दिले. परार्थता हे बहिष्काराचे कारण होऊ शकत नाही, हा या वर्गीकरणाचा गर्भितार्थ आहे.

अर्थात एवढ्याने प्रश्न सुटत नाही. जाहिरातही परार्थच असते. तेव्हा प्रकरी आणि जाहिरात यांना वेगळे करणारा निकष शोधावा लागतो. जाहिरात मुख्य कृतीविषयीची अपेक्षा वाढवते, तिच्यातील कोणत्याही गोष्टीचा अर्थ मात्र बदलत नाही. प्रकरी अर्थ बदलते. हा निकष ‘द रेझिस्टन्स’ला लावून पाहता येईल. या भागांत डक नावाचा सैनिक प्रथम बंडखोरांपासून दूर राहतो, कारण त्याला आणि त्याच्या पत्नीला मूल हवे आहे. देवळात सायलॉनांच्या गोळीबारात पत्नी मारली जाते आणि सूडासाठी तो सायलॉनांनी उभारलेल्या मानवी पोलीसदलात शिरतो. त्याचा सहकारी जॅमर याला सायलॉन पकडतात. माहिती दिल्यास असे बळी टळतील, असे त्याच्या मनावर बिंबवले जाते आणि तोही त्याच दलात जातो. मुख्य मालिकेच्या तिसऱ्या पर्वात डक पोलीसदलाच्या समारंभात आत्मघाती स्फोट घडवतो. सुटकेनंतर ‘कोलॅबोरेटर्स’ या भागात सहा जणांचे एक गुप्त न्यायमंडळ जॅमरला देशद्रोही ठरवून यानातून अवकाशात फेकते. आपण एका स्त्रीचे प्राण वाचवले, ही त्याची विनवणी निष्फळ ठरते. तो दोषी आहेच. परंतु दोष कसा घडला, हे ज्याने पाहिले आहे आणि ज्याने पाहिलेले नाही, त्या दोघांचा निवाडा एकच राहू शकत नाही.

याच भागात त्याच मंडळापुढे फेलिक्स गेटा उभा केला जातो. अंमलाच्या काळात बंडखोरांना गुप्त माहिती पुरवणारा तोच होता, हे ऐन क्षणी उघड होते आणि तो निर्दोष सुटतो. पुढे डिसेंबर २००८ ते जानेवारी २००९ या काळात ‘द फेस ऑफ द एनिमी’ ही दुसरी पुरवणी आली. जेन एस्पेन्सन आणि शेमस केव्हिन फाही तिचे लेखक. गेटाने ज्या बंदिवानांची नावे सुटकेच्या आशेने एका सायलॉन स्त्रीकडे दिली होती, ती माणसे मारली गेली, हे तिच्यात उघड होते. म्हणजे मुख्य कथेत दोषी ठरलेल्याची बाजू एका पुरवणीत आहे आणि निर्दोष ठरलेल्याचा न कळत घडलेला अपराध दुसऱ्या पुरवणीत. काही आठवड्यांनी मुख्य मालिकेत गेटा सायलॉनांशी केलेल्या युतीविरुद्ध बंड करतो आणि मृत्युदंड भोगतो. त्या द्वेषाचे एक मूळही पुरवणीतच राहिले आहे.

येथे एक गंभीर आक्षेप संभवतो. मराठी समीक्षेत मर्ढेकरांपासून रुजलेला स्वायत्ततेचा विचार सांगेल की, कृतीने आपले सर्व काही आपल्या सीमेतच सिद्ध केले पाहिजे. बाहेरून आणलेला पुरावा ग्राह्य नाही. त्याहून सूक्ष्म आक्षेप असा की, पुरवणी न पाहिलेला प्रेक्षक अपुऱ्या माहितीवर निवाडा देतो, म्हणजे तो त्या सहा जणांच्याच पंक्तीत बसतो. अपूर्णता हाच मग कथेचा नैतिक अनुभव ठरतो.

दुसऱ्या आक्षेपात तथ्य आहे; पण दोन अज्ञानांमध्ये भेद केला पाहिजे. न्यायमंडळापुढे जॅमर उभा होता, बोलत होता. त्यांनी ऐकून घेण्याचे नाकारले, म्हणून त्यांचे अज्ञान त्यांचा दोष ठरते. प्रेक्षकाचे अज्ञान वितरणाच्या सोयीतून उद्भवते. आपल्यापासून काही दूर ठेवले गेले आहे, याचीच त्याला जाणीव नसते. ज्या अज्ञानाची जाणीव होण्याची सोय कृतीत नाही, त्यातून नैतिक शिकवण निघत नाही. स्वायत्ततेच्या आक्षेपाला मालिकेचा व्यवहारच उत्तर देतो. सीमा कृतीने आखलेली असती, तर तिचा मान राखता आला असता. येथे ती मोबदल्याच्या हिशेबाने आखली गेली. प्रेक्षकाला हे भाग कथेचे अंग म्हणून द्यायचे आणि लेखकाला मात्र ती जाहिरात आहे असे सांगायचे, या दोन विधानांपैकी एकच खरे असू शकते.

प्रकरीची मर्यादा मान्य करूनही तिचे ऋण नाकारता येत नाही. जटायूला फल मिळत नाही, परंतु राम त्याचा अंत्यसंस्कार करतो. प्रासंगिकाचे देणे आधिकारिकाने कसे फेडावे, याचा तो दाखला आहे. ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’मध्ये राष्ट्राध्यक्ष रॉझलिन न्यायमंडळ बरखास्त करून सर्वांना क्षमा जाहीर करते, जॅमरसाठी ती उशिरा येते. त्याची कहाणी लिहिणाऱ्यांनाही श्रेय नाकारले गेले होते. पात्र आणि त्याचे लेखक, दोघांनाही एकाच सीमारेषेने बाहेर ठेवले. म्हणून अशा पुरवण्यांचा विचार करणाऱ्या समीक्षेने सीमा कोठे आहे हे सांगून थांबू नये. ती कोणी आणि कोणाच्या सोयीसाठी आखली, हेही विचारले पाहिजे.